तीन खोल्यांना 'रिसॉर्ट' म्हणायचं? लॉज, होमस्टे, यात्री निवास... पाटीवरच्या नावाला काय अर्थ उरलाय का?

पेठेतला_पोरगा:
मंडळी, विषय आमच्या घरच्या पाटीवरनं निघालाय. कोल्हापुरात शिवाजी पेठेत जुनं घर आहे, वरच्या तीन खोल्या मोकळ्या पडून आहेत, तर अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांना द्यायच्या असं घरात ठरलं. पाटी रंगवणारा आला आणि म्हणाला, "दादा, काय लिहू? हॉटेल का रिसॉर्ट?" मी म्हटलं तीन खोल्यांचं रिसॉर्ट कुठं असतंय व्हय? तर म्हणतो कसा, "परवाच दोन खोल्यांचं लिहून दिलंय की."

आधीच आपल्याकडं हॉटेल म्हणजे खायचं ठिकाण. बाहेरगावचा माणूस रिक्षात बसून "चांगल्या हॉटेलात सोडा" म्हणाला की रिक्षावाला विचारणार, जेवायला का राहायला? त्यात आता एकच इमारत तळमजल्यावर लॉज, गुगलवर हॉटेल, अॅपवर होमस्टे आणि नवरात्रात यात्री निवास. गेल्या नवरात्रात मावशी आलेली, अॅपवर तीन चांदण्या बघून बुकिंग केलेलं (नाव घेत नाही). गीझरचं बटण खाली काउंटरच्या मागं, पाणी गरम मिळणार पहाटे ५ ते ७, मावशी साडेसातला उठली, झालं. पोरगा बादली घेऊन वर आला आणि वर म्हणतो "काकू, आधी सांगायचं न्हाई का". त्या तीन चांदण्या कुणी दिलेल्या? मालकानंच फॉर्म भरताना टिक केलेलं.

माझं मत सरळ आहे. आत जे आहे तेच पाटीवर लिहायचं आणि परवाना देतानाच प्रकार ठरवून टाकायचा. नंतर बदलायचा नाही.

रंकाळा_कट्टा:
भावा, तू पाटीच्या नादाला लागलायस. पहाटेच्या काकड आरतीला आलेल्या भक्ताला काय पाहिजे? कॉट, धुतलेली चादर, गरम पाणी, गाडी लावायला जागा आणि देऊळ चालत दहा मिनिटांवर. त्याला लॉज म्हण नाहीतर राजवाडा म्हण. प्रकार ठरवा, प्रकार ठरवा म्हणत सुटलात की उद्या त्याचा एक अर्ज, त्याचं एक ऑफिस, त्याचा एक साहेब. मोठी हॉटेलं माणूस ठेवतील कागद करायला, मरणार तुझ्यासारखा तीन खोलीवाला. लोक फोटो आणि रिव्ह्यू बघून येतात, घाण असली की चार दिवसांत बोंब होते, तेच खरं वर्गीकरण.

कागदवाला_शाहूपुरी:
मी हिशोबाची कामं करतो, दोघांचंही थोडं चुकतंय म्हणून लिहितोय. स्टार हे अॅप देत नाही. आपल्या देशात हॉटेलचे स्टार केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची कमिटी देते, एक ते पाच आणि वर फाईव्ह स्टार डिलक्स. सेव्हन स्टार असला प्रकारच नाही, ती दुबईच्या त्या शिडासारख्या हॉटेलवरनं पेपरवाल्यांनी चालवलेली टूम. कमीत कमी १० खोल्या लागतात, माणसं येऊन खोली, बाथरूम, किचन, आग विझवायची सोय सगळं बघून जातात आणि पाच वर्षांनी परत. पण ते ऐच्छिक आहे! सक्ती नाही, म्हणून चांगली चांगली हॉटेलंसुद्धा त्या भानगडीत पडत नाहीत, आणि बाकीचे कम्प्युटरवर चांदण्या काढून चिकटवतात.

जुन्या वाड्यांसाठी हेरिटेज म्हणून वेगळा प्रकार आहे, इमारत १९५० च्या आधीची पाहिजे. आपला रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस १९३१ ते ३४ मधला, मधली काही वर्षं हॉटेल होता, तो वयानं त्यात आरामात बसला असता.

आणि पेठेतल्या भावासाठी: तुझी केस बेड अँड ब्रेकफास्ट / होमस्टेची आहे. केंद्राच्या योजनेत एक ते सहा खोल्या, सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन दर्जे, आणि मुख्य अट, मालक कुटुंबासकट तिथंच राहिला पाहिजे. महाराष्ट्रात राज्याची निवास-न्याहारी योजना आहे ती पण त्यातलीच.

पेठेतला_पोरगा:
बघा, म्हणजे प्रकार आहेतच. मी काय नवीन मागतोय?

रंकाळा_कट्टा:
आहेत आणि कोण विचारत नाही, हेच तर मी सांगतोय. सरकारला तरी तुझ्या स्टारचं कुठं पडलंय? कागदवाले, जीएसटी कशावर लावता सांगा की.

कागदवाला_शाहूपुरी:
हां, तो मुद्दा खरा आहे. जीएसटी पाटी बघत नाही, भाडं बघतो. २०२२ च्या जुलैपर्यंत दिवसाला हजाराच्या आतल्या खोलीला माफी होती, मग १२ टक्के आले, सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर १८. लॉज म्हणा, रिसॉर्ट म्हणा, रेट किती तेवढंच. आणि १८६७ चा इंग्रजांच्या काळातला सराई कायदा वाचला तर त्यातही प्रवाशांच्या निवाऱ्याची इमारत एवढंच. म्हणजे जुन्या काळापासनं सरकारला सगळ्या खोल्या सारख्याच.

एकटी_फिरते:
रिव्ह्यू बघून जा म्हणणारे सगळे पुरुष असतात का? मी ऑडिटच्या कामाला महिन्यात आठ-दहा दिवस बाहेर असते. 'लॉज' लिहिलेल्या जागी एकट्या बाईनं खोली मागितली की काउंटरवरचा आधी मागं बघतो, बरोबर कोण आहे का. तो शब्दच आपण इतका नासवलाय की चांगला लॉजवाला पण बिचारा 'एक्झिक्युटिव्ह' नाहीतर 'इन' लावतो नावाला. म्हणून मी होमस्टे शोधते, कारण होमस्टे म्हणजे घर, घरात कुणीतरी काकू असणार. तर मागं एकदा पोचले रात्री नऊला, काकू नाही, काका नाही, एक पोरगा मोबाईल बघत बसलेला, मालक म्हणे सांगलीला असतो. खोलीला आतनं कडी होती पण बाथरूमच्या खिडकीला काचच नव्हती, वर्तमानपत्र चिकटवलेलं. रिव्ह्यू होता ४.३! कारण रिव्ह्यू देणारे चार मित्र गाडी घेऊन आलेले, त्यांना काचेशी काय देणंघेणं. त्यामुळं रंकाळा_कट्टा, तुम्हाला नावानं फरक पडत नसेल, मला पडतो.

दाजीपूर_रोड:
ताई तुमचं पटतंय पण सगळ्या होमस्टेवाल्यांना एका दाव्यानं बांधू नका. आमचं राधानगरीकडं आहे. काजवे बघायला मे अखेरीला गर्दी होते, वर्षाचा निम्मा धंदा त्या पंधरा-वीस दिवसांत. आम्ही घरात राहतो, पाहुण्यांच्या चार खोल्या गोठ्याच्या पलीकडं नवीन बांधल्यात. आता हे होमस्टे का कृषी पर्यटन का फार्महाऊस? राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं तेव्हा मी पण कागद गोळा केलेले. पाहुणा मात्र फोनवर एकच विचारतो, "रेंज येते का आणि चुलीवरचं मटण मिळतं का." मी हो म्हणतो. रेंज येत नाही :)

एकटी_फिरते:
हेच ते! रेंजचं पण खोटं!

बिंदू_चौक_जुना:
तुम्ही पोरं फार लांब गेलात. आमच्या लहानपणी यात्रेकरू देवळाच्या आसपास ओळखीच्या घरात, नाहीतर धर्मशाळेत उतरायचे. धर्मशाळेचे नियम भिंतीवर रंगवलेले असायचे. किती दिवस राहता येईल, स्वयंपाक कुठं करायचा, दिवा कधी मालवायचा. आत काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे दारातच कळायचं, आणि भाडं म्हणजे पेटीत जे टाकाल ते. आज भक्त निवास म्हणून ज्या इमारती उभ्या राहतात त्यातल्या काहींचे रेट बघा आणि मग 'भक्त' शब्द बघा.

आणि 'लॉजिंग-बोर्डिंग'मधलं बोर्डिंग म्हणजे जेवणासकट राहणं, पण कोल्हापूरच्या माणसाला बोर्डिंग म्हटलं की दसरा चौक दिसतो. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगा झाल्या. तिथं पाटी बघून खेड्यातल्या बापाला कळायचं की आपलं पोरगं इथं राहून शिकेल. तेव्हा पाटीला अर्थ नाही असं मला म्हणू नका.

रंकाळा_कट्टा:
काका, महाराजांच्या बोर्डिंगा आणि ह्याच्या तीन खोल्या एका मापात मोजू नका राव. तिथं पोरं शिकत होती, हा महाद्वार रोडवरनं चालत दहा मिनिटं म्हणून दीड हजार घेणार.

पेठेतला_पोरगा:
बाराशे. आणि चालत सात मिनिटं.

बरं, ताईंचं वाचून माझं मत जरा सरकलं. मला वाटत होतं प्रकार ठरवला की झालं. पण 'होमस्टे' हा प्रकार कागदावर ठरलेलाच आहे, मालक राहिला पाहिजे हे पण ठरलंय, तरी सांगलीचा मालक चालवतोयच की. मग नुसतं नाव लिहून काय उपयोग, काकांच्या धर्मशाळेसारखं सगळंच दारात रंगवायला पाहिजे. गरम पाणी किती ते किती, जिना किती पायऱ्यांचा (आमचा २२, आणि उभा आहे), चेकआऊट २४ तासांचा का दुपारी बाराचा. ह्या चेकआऊटवरनं तर निम्मी भांडणं होतात, रात्री अकराला आलेल्याला सकाळी दहाला उठवतात आणि पूर्ण दिवसाचे पैसे.

रंकाळा_कट्टा:
एवढं लिहिलंस तर पाटी तुझ्या घरापेक्षा मोठी होईल. आणि 'जिना उभा आहे' वाचून म्हातारी माणसं पुढच्या घरी जातील. धंदा करायचाय का प्रबंध लिहायचाय?

एकटी_फिरते:
जाऊ देत की पुढच्या घरी. वर चढून परत उतरण्यापेक्षा बरं नाही का?

कागदवाला_शाहूपुरी:
एक राहिलं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन भरून द्यायची, होमस्टे असला तरी सुटका नाही. आणि अॅपवरनं बुकिंग घेतलंस आणि तुझी जीएसटी नोंदणी नसेल तर त्या बुकिंगचा टॅक्स अॅपवाला भरतो, तू घाबरू नकोस.

दाजीपूर_रोड:
पेठेतले दादा, शेवटी पाटीवर काय लिहिलं ते तरी सांगा.

पेठेतला_पोरगा:
रंगवणारा उद्या येतोय. वर 'घरगुती राहण्याची सोय', खाली 'मालक इथेच राहतात', त्याच्या खाली 'गरम पाणी पहाटे ४ ते ९'. पायऱ्यांचं बाबा नको म्हणाले, आई म्हणते लिहाच. न्याहारीचं अजून अडकलंय, आई म्हणते पोहे रोज कोण करणार, तू?