फौजेतल्या नवऱ्याला समन्स: गावच्या पत्त्यावर की सीओमार्फत?

अजिंक्यतारा:
साताऱ्याच्या कोर्टात हे नेहमीचं. नवरा फौजेत, बायकोचा घटस्फोटाचा अर्ज, समन्स गावच्या पत्त्यावर. बेलिफ सासऱ्याची सही घेतो आणि पुढं एकतर्फी निकालाचा अर्ज पडतो. माझ्या मते ही बजावणी कच्ची. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ५, नियम २८ सांगतो की प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स कमांडिंग ऑफिसरकडे, म्हणजे सीओकडे जातं, सोबत जवानासाठी एक प्रत.

कंदीपेढा:
नियमानं पोट भरत नाही, साहेब. सीओकडचं समन्स लवकर परतत नाही, तोवर पोरीनं काय खायचं? नियम १५ प्रमाणे घरातल्या सज्ञान माणसाकडे दिलेलं चालतं. शिवाय आदेश ९, नियम १३ चं परंतुक (पुढं जोडलेली अट) वाचा: जाबदाराला, म्हणजे प्रतिवादीला, तारीख ठाऊक होती आणि हजर व्हायला वेळ होता, तर नुसत्या बजावणीतल्या दोषावर हुकूमनामा रद्द होत नाही. बाप पोराला फोन करत नाही होय?

माणदेशी:
फोन केला हे दाखवायचं कुणी? बायकोनंच. आणि नियम १५ तरी कधी लागतो? जाबदार घरी नाही आणि वाजवी वेळेत सापडण्याची शक्यता नाही तेव्हाच. सुट्टी मंजूर असली तर तो घरी सापडणारच, मग तेही गेलं.

खरी गडबड पाकिटावर असते. नुसतं ‘मार्फत ५६ एपीओ’ (लष्कराचं टपाल कार्यालय) लिहिलं की ते फिरत राहतं, कारण त्या पत्त्यावर कितीतरी युनिटं आहेत. आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आणि ९ ने सुरू होणारा पिन, सगळं हवं. पाकीट सीओच्या नावे, जवानाच्या नव्हे. नंबर बायकोच्या डिपेंडंट कार्डावर बघा. युनिट हललं असेल म्हणून एक प्रत रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसलाही: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला. तारीख दोनेक महिन्यांची मागा. पंधरा दिवसांची घेतली तर समन्स पोचायच्या आत उलटते. विनाबजावणी परत आलं तर ७ दिवसांत नव्या समन्सचा अर्ज, नाहीतर आदेश ९, नियम ५ खाली प्रकरण फेटाळलं जातं. सीओनं ‘बजावता आलं नाही’ असं सकारण कळवलं तर तो कागद सोन्यासारखा जपा. नियम २९ खाली तो पुरावा असतो, आणि नियम २० ची जाहीर बजावणी मागताना त्याचाच आधार.

कंदीपेढा:
म्हणजे नवरा सीमेवर म्हणून सगळं थांबायचं!

अजिंक्यतारा:
थांबतं ते १९२५ च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टनं, आणि तेही विशेष किंवा युद्धजन्य परिस्थितीत, जवान तशा सेवेत असल्याचा दाखला आल्यावर. त्या काळात घेतलेला एकतर्फी निकाल नंतर उलटवता येतो, म्हणून घाई बायकोलाच महागात पडते. सुट्टी मिळत नाही ही सबबही पुरत नाही: आदेश २८ खाली सीओसमोर सही करून तो बापाला किंवा भावाला अधिकार देऊ शकतो.

कोरेगावकर:
दोघंही पोटगी आणि घटस्फोट एकाच गाडीत भरताय. नुसती पोटगी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४४ खाली मागितली असेल तर आदेश ५ कशाला? तिथं कलम ६८ बघा, समन्स दोन प्रतींत कार्यालयप्रमुखाकडे. पगार दिवाणी कोर्टाला जप्त करता येत नाही, लष्कर कायद्याचं कलम २८ आडवं येतं. पण त्याच कायद्याच्या कलम ९० आणि ९१ खाली लष्कर स्वतः पगारातून बायको-मुलांसाठी कापू शकतं. तो अर्ज थेट सीओकडे करता येतो, कोर्टाच्या तारखेची वाट न बघता.

कंदीपेढा:
हे पटलं. सासऱ्याच्या सहीचं मात्र अजून नाही.