मदत हवी आहे: न्यूझीलंडमध्ये माओरी जमिनीवर पडलेले तोतारा, सॉ मिलवाला हात लावेना

हिरवा_माळ: वादळात दोन तोतारा (इथली देशी झाडं) आडवे झालेत. सॉ मिलवाला म्हणतो, सरकारी मंजुरीचा कागद आणा, मगच करवत चालेल. जमीन बायकोच्या माहेरची, माओरी म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. आपल्याच जमिनीत पडलेल्या लाकडाला परवानगी कसली? मराएच्या, म्हणजे माओरी समाजाच्या सभास्थानाच्या ओसरीला फळ्या हव्यात. ओंडके पावसात भिजताहेत, लवकर सांगा.

सुतारपक्षी: उत्तर बेट की दक्षिण? झाडं आपसूक पडली की तोडली?

कोकणातला: आमच्याकडेही तेच. सात-बारावर नाव आमचं, साग आजोबांनी लावलेला, तरी वनखात्याकडे खेटे.

दक्षिणवारा: परवानगी लागत नाही. भूमिहीन माओरींना 1906 च्या कायद्याने दिलेल्या जमिनी 1993 च्या वन कायद्याच्या दुरुस्तीतून वगळल्यात.

सुतारपक्षी: अहो, त्या फक्त दक्षिणेकडच्या. यांनी बेट सांगितलं तरी का?

दक्षिणवारा: त्या का वगळल्या तेच सांगतोय. भरपाई म्हणून दुर्गम जंगल द्यायचं, वर झाडाला हात लावू नका म्हणायचं. हा अन्यायच.

पाइनवाले: पाइन लावा, कार्बन क्रेडिट मिळतात.

हिरवा_माळ: पाइनचं विचारलेलं नाही. जमीन होकियांगात, उत्तर बेट. मुळासकट पडलीत, एकाच्या मुळांना माणसाएवढा मातीचा गड्डा आहे. हिस्सेदार शंभरावर, निम्मे ऑस्ट्रेलियात. सही कोणाची?

सुतारपक्षी: हे आधी सांगायचं ना! वादळात पडलेल्या झाडांना पन्नास वर्षांचा व्यवस्थापन आराखडा लागत नाही. प्राथमिक उद्योग मंत्रालयाकडे फक्त चिरकामाची मंजुरी मागा. बुंधा, मुळं, गड्डा तसाच ठेवा, सगळ्याचे फोटो काढा. झाड वाऱ्याने पडलं याचा पुरावा तोच. सहीसाठी जमिनीचा ट्रस्ट आहे का? असेल तर विश्वस्त करतील. नसेल तर आधी माओरी लँड कोर्टात चौकशी करा.

वनराई: स्थानिक कौन्सिलने ती जमीन महत्त्वाचं नैसर्गिक क्षेत्र ठरवली, म्हणजे झाडतोडीवर बंधनं आली तर? 2021 मध्ये नॉर्थलंडमध्ये (होकियांगा याच भागात) याविरुद्ध मोर्चा निघाला होता.

सुतारपक्षी: तो विषय वेगळा. नवीन क्षेत्रं ठरवायची सक्ती 2024 मध्ये तीन वर्षांसाठी थांबवली. पण मोर्चेकऱ्यांचं बरोबर होतं. ज्यांनी रान राखलं त्यांच्यावरच बंधनं का?

हिरवा_माळ: ट्रस्ट आहे, आजेसासूबाई विश्वस्त आहेत. मेहुणा उद्या सकाळी चेनसॉ घेऊन बुंधे कापायला निघणार होता. आत्ताच फोन करून थांबवतो.