द्राक्षपट्ट्यातून सॅक घेऊन पायी भटकंती आणि पुढे सांदण दरी: व्हावी की नको?

गोदाकाठ (धागाकर्ता)
मंडळी, नाशिकला येणारा पाहुणा गाडीतून गंगापूर धरणाजवळच्या वाइनरीत उतरतो, टेस्टिंग करतो, फोटो काढतो आणि अंधाराच्या आत कसारा घाट उतरतो. १९९९ साली राजीव सामंतांनी सुला सुरू केली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. आज दिंडोरी, विंचूर, इगतपुरीपर्यंत वाइनरी आहेत, पण मधल्या गावांच्या पदरात काय पडतं?

माझं म्हणणं, पाठीवर सॅक घ्या आणि चाला. गंगापूर-सावरगावच्या शिवाररस्त्यांनी एक दिवस. मग एसटीने घोटी, सांजेगावकडच्या बागा, तिथून भंडारदरा. तिथल्या धरणाच्या जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडी, अमृतेश्वराचं दर्शन आणि शेवटी साम्रदची सांदण दरी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते आणि सांदणही तेव्हा उतरण्याजोगी असते. फेब्रुवारीत दोन्ही जमतं. अशी भटकंती नाशिकने मनापासून उचलून धरावी.

निफाडचा बागायतदार
भाऊ, कल्पना कागदावर छान आहे. पण फेब्रुवारी म्हणजे आमचा जीव टांगणीला लागलेला महिना. ऑक्टोबर छाटणीपासून डावणी-भुरीसारखे रोग आणि अवकाळी यांच्याशी झुंजत माल इथवर आणलेला असतो. तयार घडावर पांढरट मेणचट थर असतो. त्याला नुसतं बोट लागलं तरी पुसतो आणि डाग दिसतो. निर्यातीच्या मालात तो घड बाजूला पडतो. चालणारा माणूस हात लावल्याशिवाय राहत नाही, हे मी रोज बघतो.

दुसरं, ओळीत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असताना कोणी सेल्फीला शिरलं तर फवारा थेट तोंडावर. २०१० साली रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या कारणावरून युरोपात आपला माल अडकला, ते अजून विसरलेलो नाही. कुठलं औषध कधी मारलं याची नोंद आम्ही ठेवतो. पाहुण्याला ती कुठून कळणार? तो घड तोडून सरळ तोंडात टाकतो.

दिंडोरीकर
दादा, तुमचं दुखणं खाण्याच्या द्राक्षांचं आहे आणि ते शंभर टक्के खरं आहे. वाइनच्या बागेत घडाच्या दिसण्याला तेवढा भाव नाही, तिथे साखर आणि आम्लता बघतात. शेनिन ब्लांक, शिराझ या वाइनच्या वाणांचे मणी बारीक, बियांचे. म्हणून सगळ्या बागा एका मापाने मोजू नका. ज्यांना पाहुणे हवेत त्यांनी बांधावरची वाट ठरवून द्यावी. चहा-नाश्त्याचे पैसे घरातल्या बाईच्या हातात पडले तर वाईट काय?

सह्यकडा
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. वाइन आणि सांदण एका आखणीत बसवूच नका. सांदण ही बेसॉल्टच्या कातळातली अरुंद भेग आहे. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, पायाखाली धोंड्यांचा खच. वाटेत पाणी साचलेलं, त्यात उतरूनच पुढे जावं लागतं आणि तळाचा दगड गुळगुळीत. आदल्या रात्री उशिरापर्यंत पिऊन सकाळी तिथे उतरणारे पाहिलेत मी, पाय कापत असतात. घोटा मुरगळला तर माणसाला खांद्यावर घेऊन तेच धोंडे चढावे लागतात आणि ते काम साम्रदची पोरं करतात.

शिवाय हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. शेकोट्या, स्पीकर, फुटलेल्या बाटल्या तिथे कशाला?

गोदाकाठ
सह्यकडा, बाटल्यांबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. पण तो उपद्रव गाडीच्या डिकीतून येतो. ज्याला सगळं ओझं स्वतःच्या पाठीवर वाहायचंय तो स्पीकर आणि काचेच्या बाटल्या घेत नाही. तो गावात जेवतो, पिठलं-भाकरीचे पैसे देतो, गावातलाच वाटाड्या घेतो. १९२६ साली प्रवरेवर भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं. त्या पाण्याचा लाभ खालच्या तालुक्यांना झाला. काठावरच्या आदिवासी पाड्यांना निदान पाहुण्यांचा तरी मिळू द्या.

निफाडचा बागायतदार
पाड्यांचं पटतं. पण आमच्या शिवारात यायचं तर आदल्या दिवशी फोन करून या, फवारणी असेल तर नाही म्हणेन आणि त्यावर रुसायचं नाही. एवढं पाळणार असाल तर बांध मोकळा आहे. ओळीत पाय नाही.

सह्यकडा
गंगापूर-सावरगावची पायपीट मलाही मान्य. सांदण मात्र वेगळी ठेवा. मधे एक पूर्ण दिवस रतनवाडीत काढा, न पिता, आणि मग साम्रदला जा. तो दिवस आखणीत घालणार असाल तर बोलू, नाहीतर माझा विरोध कायम.