दर हंगामात नवा खरेदीदार शोधावा लागतो. परदेशी बाजार टिकवायचा कसा?

बांधावरचा (प्रश्न)

आमचा फळउत्पादकांचा गट गेली चार वर्षे परदेशी माल पाठवीत आहे. मालाच्या प्रतीबद्दल फारशी तक्रार आलेली नाही, तरीही दर हंगामात खरेदीदार नव्याने शोधावा लागतो आणि दराची बोलणी पहिल्यापासून सुरू करावी लागतात. याला काही अंशी आम्हीच जबाबदार आहोत. गेल्या हंगामात देशातील दर अचानक चढले, तेव्हा निम्म्या सभासदांनी कबूल केलेला माल गटाला न देता बाहेर विकला आणि ठरलेल्या कंटेनरपैकी थोडेच भरता आले. ज्या देशांतील शेतकऱ्यांनी परदेशी बाजार अनेक दशके राखला, त्यांनी नेमके काय केले? दर चढल्यावर सभासदाला धरून ठेवण्याची काही रीत आहे का?

गोदीकाठ

मी काही वर्षे आयातदारांच्या बाजूने काम केले आहे. दुकानातील फळी रिकामी राहणे हे खरेदीदाराला महाग फळापेक्षा अधिक झोंबते, कारण दराची घासाघीस करता येते, पण न आलेल्या मालाबद्दल त्याला पुढे आपल्या ग्राहकाला तोंड द्यावे लागते.

सोयाबीनचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. अमेरिकेतील सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने १९५६ मध्ये टोकियोत कार्यालय उघडले आणि केवळ माल विकण्यावर न थांबता तेथील तेल व पशुखाद्य उद्योगांबरोबर सोयाबीनचा वापर वाढविण्याचे काम केले. पुढे १९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही मासळी घटली, पशुखाद्यात वापरल्या जाणाऱ्या मासळीच्या भुकटीची टंचाई झाली, सोयाबीनचे भाव कडाडले आणि जून १९७३ मध्ये निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यातच रोखली. निर्बंध काही महिन्यांतच उठले, परंतु जपानने धडा घेतला व त्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या सेराडो प्रदेशात शेती वाढविण्यासाठी त्या देशाशी सहकार्य सुरू केले. आज ब्राझील सोयाबीनचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार आहे. त्याचे सारे श्रेय त्या निर्बंधांना देणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र सतरा वर्षे जोपासलेल्या ग्राहकाला दुसरा पुरवठादार उभा करावासा वाटला, एवढे निश्चित. तुमचे न भरलेले कंटेनर ही त्याचीच लहान आवृत्ती आहे.

द्राक्षवेल

सभासदांना धरून ठेवण्याबाबत न्यूझीलंडच्या किवी उत्पादकांकडे पाहावे. (या फळाला पूर्वी 'चायनीज गूसबेरी' म्हणत, निर्यातीसाठी १९५९ मध्ये त्याचे नाव बदलले गेले.) ऐंशीच्या दशकात तेथील अनेक निर्यातदार परदेशात एकमेकांचेच दर पाडू लागले, म्हणून १९८८ मध्ये निर्यात एका मंडळाच्या हाती देण्यात आली. त्यानंतरही सर्व सुरळीत झाले नाही: नव्वदच्या दशकाच्या आरंभी बागांचे क्षेत्र वाढून भाव कोसळले. झेस्प्री हे नाव १९९७ मध्ये आले, आणि आज ऑस्ट्रेलिया वगळता इतर देशांतील निर्यात मुख्यतः याच उत्पादकांच्या कंपनीमार्फत होते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यापेक्षा त्यांच्या पैसे देण्याच्या पद्धतीत अधिक आहे. सर्वांच्या मालाचे उत्पन्न एकत्र करून उत्पादकाला रक्कम हंगामभर हप्त्यांनी मिळते, फळातील शुष्क अंश अधिक असेल तर चवीसाठी जादा दर मिळतो आणि अनेक वर्षांच्या पुरवठ्याची हमी देणाऱ्याला निष्ठेपोटी वेगळी रक्कम देण्याची प्रथा तेथे आहे. आपला हंगाम संपल्यावर फळी रिकामी राहू नये, म्हणून इटलीसारख्या उत्तर गोलार्धातील देशांतही ते फळ पिकवून घेतात.

तिसरी बाजू

एकाच संस्थेच्या हाती सर्व निर्यात सोपविण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाचा गहू आठवावा. तेथील गहू निर्यातीची मक्तेदारी असलेल्या संस्थेने इराकमध्ये लाच दिल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि २००८ मध्ये ती मक्तेदारी संपली. संस्थेच्या दुष्कृत्याची झळ शेतकऱ्याच्या नावालाही लागते, म्हणून हिशेब सभासदांसमोर खुला असावा.

शिवाय एकाच देशावर विसंबू नये. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले, तेव्हा पिकाची प्रत किंवा शेतकऱ्याचा शब्द यांपैकी काहीच कामी आले नाही. अर्थात नवा बाजार शोधायला पैसा लागतो. अमेरिकी सोयाबीन उत्पादक १९९१ पासून विक्रीमूल्याच्या अर्धा टक्का रक्कम संशोधन व प्रसारासाठी देतात. आपल्याकडे अशी कपात सुचवली की सभा लगेच उठते, हे मी पाहिले आहे.

बांधावरचा

सर्वांचे आभार. हप्त्यांची पद्धत पटली, पण आमचे बहुतेक सभासद लहान आहेत आणि तोडणीनंतर त्यांना मजुरीसाठी रोख रक्कम लागतेच. रक्कम राखून ठेवली, तर तेच आधी बाहेर पडतील.

द्राक्षवेल

मग पहिला हप्ता तोडणी, प्रतवारी आणि बांधणीचा खर्च भागेल एवढा ठेवा व केवळ नफ्याचा भाग राखा. तसेच पहिल्या वर्षी सभासदाकडून सगळ्या मालाचा करार मागू नका. अर्धा माल त्याला खुल्या बाजारासाठी ठेवू द्या आणि खरेदीदाराला तेवढाच शब्द द्या, जेवढे कंटेनर वाईट वर्षातही नक्की भरतील.