तीच वस्तू, जास्त दाम : इंदूरकरांचे अनुभव

गुण सारखाच आहे हे ठाऊक असूनही काही वस्तूंसाठी आपण जास्त पैसे राजीखुशीने मोजतो. हे केवळ प्रतिष्ठेपोटी घडते, असे मला वाटत नाही. पुष्कळदा वस्तूत खोट निघाली तर उत्तर द्यायला कोणीतरी असावे, यासाठी आपण तो जादा पैसा देतो. आपापले अनुभव कारणांसह लिहावेत, ही विनंती.

राजेंद्रनगर : माझी हयात औषधविक्रीत गेली. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी जनऔषधी केंद्रात नामांकित कंपनीच्या गोळीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. औषधी घटक आणि मात्रा तीच असते. हे समजावून सांगितल्यावरही वृद्ध आईवडिलांसाठी औषध नेणारी मुले चिठ्ठीवरचेच नाव मागत, आणि स्वतःच्या डोकेदुखीसाठी मात्र स्वस्त पॅरासिटामॉल निःशंकपणे घेत. वडिलांचे काही बरेवाईट झाले तर आपण पैसे वाचवायला गेलो होतो, ही सल त्यांना नको असे. शिवाय गोळीचा रंग आणि आकार बदलला की वृद्ध माणसे गोंधळतात, एखादी गोळी दोनदा घेतात किंवा विसरतात. हे कारण मला तरी पूर्णपणे रास्त वाटते.

रामबाग : सराफ्यातील आमचे दुकान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ चा हॉलमार्क आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अंकाक्षरांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्यामुळे शुद्धतेची खात्री कुठल्याही दुकानात सारखीच मिळते. तरीही आम्ही येथे जास्त घडणावळ देतो, कारण मंगळसूत्राचा फासा सैल झाला तर तो लगेच बसवून मिळतो, आणि जुना दागिना मोडीत देताना घट किती धरली यावरून कधी घासाघीस करावी लागत नाही.

सुदामानगर : मी एकटी राहते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तीच पाकीटबंद तूरडाळ मॉलपेक्षा महाग पडते, पण सामान जिने चढून घरी येते आणि महिन्याचा हिशेब वहीत राहतो. छापील किमतीहून जास्त घेण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे फरक मॉलमधील सवलतीएवढाच राहतो आणि तेवढा मला परवडतो. पाकिटावरची तारीख मात्र मी दर वेळी वाचून घेते.