बैठकीच्या लावणीला फड कशाला?
‘छोट्या हॉलात लावणी रंगत नाही, तिला फडच हवा’ असं काही जण म्हणतात, ते ढोलकीच्या फडापुरतं, म्हणजे मोठ्या गर्दीपुढे ढोलकीवर नाचून रंगणाऱ्या लावणीपुरतं, मान्य. पण बैठकीची लावणी मुळात दिवाणखान्यातलीच. गायिका बसून गाते, लय संथ, साथीला तबला-पेटी, आणि एकच ओळ पुन्हापुन्हा घोळवताना दर वेळी अदा वेगळी. त्या अदेतली उडती भुवई फडाच्या शेवटच्या रांगेतून कशी दिसणार?

सदाशिव पेठेत एका घरगुती बैठकीला आम्ही जेमतेम तीस जण होतो, माइक नाही. बाईंनी अर्धी ओळ गायली, उरलेली नुसत्या बोटांनी पुरी केली. शेजारचे आजोबा पुटपुटल्यासारखं ‘वा’ म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू गेलं! लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना (पद्मश्री, २०१२) असं समोर बसून ऐकलेल्यांचा मला अजून हेवा वाटतो.