भुऱ्याने शेवटची सोळा पानं खाल्ली. खुनी कोण होता?

भुसावळची निशाचर

नमस्कार मंडळी. प्रश्न तीन आहेत, पण तिन्ही एकाच पेटीतून निघालेत म्हणून एकाच धाग्यात विचारते.

माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. मालगाडी घेऊन खंडव्याला नाहीतर बडनेऱ्याला जायचे, तिथल्या रनिंग रूममध्ये परतीच्या गाडीची वाट बघत पडायचे आणि पडल्या पडल्या रहस्यकथा वाचायचे. स्टेशनवरच्या स्टॉलवरची, खिशात मावणारी, रुपया-दीड रुपयाची पुस्तकं. ते गेले, पेटी राहिली. काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव आणि खाली 'भुसावळ'. आत दोनशे अकरा पुस्तकं. लग्न होऊन आले तेव्हा अंगावर घातलेल्या सोन्यापेक्षा ती पेटी मला जास्त आवडली, आणि हे मी बोलूनही दाखवलं. आईंनी (सासूबाईंनी) अजून माफ केलेलं नाही.

नवराही गार्डच. २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं, पण आमच्या लाईनीत कोणी म्हणत नाही. त्याची रात्रीची ड्यूटी असली की घरात मी, आई, मावशी आणि भुरा. मावशी म्हणजे मांजर. (खऱ्या मावशीसासूबाई यावलहून येतात तेव्हा 'मावशीने परत दुधात तोंड घातलं' हे वाक्य फार जपून बोलावं लागतं.) भुरा गावठी, सात महिन्यांचा. दात सगळे आलेत, अक्कल यायची आहे. चपला, कूलरची वायर, आईंची जपमाळ, सगळ्यांची चव घेऊन झाली आहे.

आता घटना. परवा रात्री शेवभाजी-भाकरी खाऊन, कूलरसमोर पालथी पडून वाचत होते. पुस्तकाला मुखपृष्ठ नाही, पहिली दोन पानंही नाहीत, त्यामुळे नाव आणि लेखक दोन्ही गायब. एका पानाच्या तळाशी १९६४ एवढं दिसतं. गोष्ट अशी: माथेरानचा बंगला, जुलैची रात्र, धो-धो पाऊस. दिवाणसाहेब अभ्यासिकेत आरामखुर्चीत मेलेले. मनगटावरचं घड्याळ दहा वीसला बंद पडलेलं. घरात जुगारी भाचा, गोरीपान सेक्रेटरी, खानसामा. शेजारी निवृत्त मेजरसाहेब. बोलावल्यावर आलेले डॉक्टर. आणि एक अल्सेशियन कुत्रा, जो त्या रात्री अजिबात भुंकला नाही. पान ११२ वर डिटेक्टिव्ह सिगारेट पेटवून म्हणतो, 'खुनी याच खोलीत आहे.' मी पाणी प्यायला उठले. आले तर भुरा पलंगाखाली चघळत बसलेला. ११२ नंतर पुस्तकच नाही.

तर, पहिला प्रश्न: ही गोष्ट कोणी वाचली आहे का? खुनी कोण? दोन रात्री झोप नाही.

दुसरा: कसर लागू नये म्हणून सासरे पेटीत डांबरगोळ्या टाकायचे, मीही टाकते. उन्हाळा लागल्यापासून मावशीने त्याच पेटीत बिऱ्हाड केलंय. झाकण उघडं दिसलं की आत, पुस्तकांवर. या गोळ्यांचा तिला त्रास होईल का? आईंना विचारलं तर म्हणाल्या, "पोरी, मांजर मेली तं काशीले सोन्याची मांजर नेऊन वाह्यची कोन? तुह्या नवऱ्याले पास हाये, पन सोनं नाही."

तिसरा जरा लाजत विचारते. मी रात्री भयकथा वाचायला घेतली की मावशी छताच्या कोपऱ्याकडे बघत बसते. पापणी न लववता, दहा-दहा मिनिटं. रहस्यकथेला नाही बघत. असं का?

शिरपूरकर

ताई, तिसऱ्याचं उत्तर आधी घ्या, म्हणजे निदान आज झोपाल. मनी माय म्हने, 'मांजर भूत नही देखस, पाल देखस.' भयकथेला बघते आणि रहस्यकथेला नाही, हे तुमचं मन सांगतंय. रहस्यकथा वाचताना तुम्ही मांजरीकडे बघतच नसाल.

खुनी डॉक्टर. रहस्यकथेत जो 'बोलावल्यावर' येतो तो आधीच येऊन गेलेला असतो. आणि कुत्रा भुंकला नाही म्हणजे माणूस ओळखीचा. ही युक्ती शेरलॉक होम्सच्या काळापासून चालू आहे. डॉक्टर कसे आले ते पुस्तकात बघा बरं, नक्की काहीतरी लिहिलेलं असणार.

पशुधनवाले आप्पा, चोपडा

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली. बहुतेक आयुष्य गाई-म्हशी-बैलांत गेलं, पण संध्याकाळी घरी लोक मांजरी-कुत्री घेऊन यायचेच. खुनी तुम्ही मागाहून शोधा. आधी मला सांगा, त्या सोळा पानांबरोबर पिना गेल्या का? जुन्या खिशातल्या पुस्तकांना कडेला तारेच्या पिना असतात आणि त्या गंजलेल्या असतात. नुसता कागद असेल तर दोन दिवसांत मागच्या वाटेने बाहेर येईल. पिन असेल तर गोष्ट वेगळी. पुस्तकाचा कणा हातात घ्या आणि पिना मोजा. कमी भरल्या, किंवा कुत्रा ओकतोय, खात नाहीये, पोट धरून वाकून उभा राहतोय असं दिसलं तर वाट बघू नका, डॉक्टरला दाखवून एक्स-रे काढा. घरच्या घरी ओकारी काढायला जाऊ नका, टोकदार वस्तू वर येताना जास्त फाडते.

डांबरगोळ्या आजच्या आज काढा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. त्यातल्या नॅफ्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजरीचं यकृत असली द्रव्यं पचवून बाहेर टाकण्यात मुळातच दुबळं. म्हणूनच माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विषासारखी होते. बंद पेटीत साठलेला वासही वाईटच, कारण तुमची बाई त्याच हवेत दुपारभर झोपते. शिवाय अंगाला लागलेलं ती चाटून पोटात घेते. तिच्या हिरड्या बघा. गुलाबी असाव्यात. पांढुरक्या किंवा पिवळट दिसल्या, सुस्त असली, लघवी गडद झाली तर सरळ दवाखाना. आणि भुऱ्याची ख्याती ऐकता, पांढरी गोल गोळी त्याला चेंडूच वाटणार. लहान जनावराला एक गोळीही भारी पडू शकते.

कोपऱ्याकडे बघण्याबद्दल शिरपूरकरांच्या आईचं म्हणणं बरोबर आहे. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजरीला साठ हजारांच्याही वर. उंदरांची आपसातली चिवचिव आपल्याला ऐकूच येत नाही, तिला येते. क्वार्टरच्या छतात उंदीर असणार. म्हणजे तुमच्या पुस्तकांचा खरा खुनी वर राहतो.

भुसावळची निशाचर

आप्पा, हात थरथरत होते, पण मोजल्या. पिना दोन, दोन्ही कण्यातच. भोकंही दोनच. भुऱ्याची शीसुद्धा काडीने तपासली. (आई ओट्यावरून हे बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, तेच लागलं.) कागद निघाला, अक्षरं वाचण्यासारखी नव्हती. मावशीच्या हिरड्या गुलाबी आहेत, बघू देताना माझा अंगठा लाल केला. गोळ्या सगळ्या काढल्या, पेटी पुसून वाऱ्यावर ठेवली. ती बाहेर असताना मावशी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्या नजरेने कुळकायद्यात जमीन गेलेले लोक बघत असतील.

शिरपूरकर, कुत्र्याच्या न भुंकण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे चोर आला तर भुरा त्याला चप्पल आणून देईल. पण डॉक्टरचं बघितलं. पान ४१: 'निरोप मिळताच मी मोटारीने दहा मिनिटांत पोहोचलो.'

शिरपूरकर

सापडला! माथेरानात मोटार कुठून आली? दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, पुढे त्या काळी पायी, घोड्यावर नाहीतर माणसांनी ओढायच्या रिक्षात. डॉक्टर खोटं बोलतोय. केस बंद करा, शेवभाजी गरम करा.

अमळनेरचा निवृत्त ग्रंथपाल

केस इतक्यात बंद करू नये. त्या काळी हे लेखक महिन्याला दोन-दोन, तीन-तीन पुस्तकं हातावेगळी करत. बाबुराव अर्नाळकरांच्या एकट्याच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तकं आहेत. त्या वेगात लिहिणाऱ्याने गिरगावात बसून माथेरानात मोटार फिरवली असेल, तर तो पुरावा धरायचा की चूक? मी ग्रंथालयात असताना या पुस्तकांना वेगळं कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे. कारण ती सगळ्यांत जास्त चोरीला जात. कवितासंग्रह कधी कोणी चोरला नाही.

तुमचं पुस्तक नेमकं कोणतं, हे वर्णनावरून सांगता येत नाही. माथेरान, पाऊस आणि आरामखुर्ची असलेली मी स्वतः डझनभर वाचली असतील. पण एक सांगतो. ११२ ला सोळाने भाग जातो. म्हणजे सात फर्मे (एका छापील कागदाला घड्या घालून होणारे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे) तुमच्याकडे आहेत, आठवा फर्मा गेला. पिना गंजून कागद कातरला की शेवटचा फर्मा अलगद निखळतो. भुऱ्याने फाडलं नसावं, त्याला आयतं मिळालं. त्यावर खळीचा वास आणि तुमच्या शेवभाजीचा हात. मी कुत्रा असतो तर मीही खाल्लं असतं.

कसरीबद्दल. कसर येते ती पिठाच्या खळीसाठी आणि ओलाव्यासाठी. आपल्या खानदेशात हवा इतकी कोरडी की पुस्तकं मुंबईपेक्षा चांगली टिकायला हवीत, पण आपण मार्च ते जून खोलीत कूलर लावून स्वतःच्या हाताने कोकण तयार करतो. पेटी कूलरच्या खोलीतून हलवा. जमिनीवर नको, विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. उन्हात पुस्तकं वाळवू नका. हा स्वस्त लगद्याचा कागद, मेच्या उन्हात पापडासारखा तडकतो. सावलीत वारा द्या. ज्यात कसर दिसते ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी सुटतं. आमच्या घरी कुल्फीशेजारी भयकथा असायच्या. बायको पाहुण्यांना काहीतरी वेगळं कारण सांगायची.

वेखंडाची पुरचुंडी चालते, पण तीही कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागू नये अशी, झाकणाला आतून टांगून. कापूर टाळा.

पशुधनवाले आप्पा, चोपडा

वेखंडाचं बरोबर, खाल्लं तर ओकारी होते. त्यापेक्षा मांजरीला दुसरी पेटी द्या. तिला पुस्तकं नको आहेत, थंड पत्रा आणि तीन बाजूंनी भिंत हवी आहे. दुपारी चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत पत्र्यावर ओलं पोतं टाकून तो डबा सावलीत ठेवलात तर ती मालकीणही बदलेल.

भुसावळची निशाचर

आज सकाळची बातमी सांगते आणि मग झोपते.

नवरा नागपूरकडून पहाटे आला. चहा घेताना त्याला सगळी गोष्ट सांगितली. मोटार, डॉक्टर, मेजर, सगळं. तो बशीत फुंकर मारत म्हणाला, "भाचा कसा आला?" मी म्हटलं, त्याने पोलिसांना सांगितलंय की संध्याकाळच्या गाडीने नेरळहून वर आलो, स्टेशनवरून चालत बंगल्यावर पोहोचलो तर मामा गेलेले. नवऱ्याने बशी खाली ठेवली. "जुलैत? अगं, नेरळ-माथेरान पावसाळ्यात बंद ठेवतात. दरडी कोसळतात. तुझा भाचा गाडीने आलाच नाही, तो आधीपासून वर होता." आयुष्यात एकही रहस्यकथा न वाचलेला माणूस! बरं, डॉक्टरची मोटार त्याला सांगितली तर म्हणे, "ते रोडवाल्यांनी बघावं."

मग पेटी हलवायला घेतली. मावशीला गव्हाचा जुना डबा आडवा करून दिला आहे. तिने वास घेतला, आत गेली, परत आली, आणि शेवटी माझ्या उशीवर झोपली. कूलरचा स्टँड सरकवला तर त्याच्याखाली ओला, चावलेला, तळहाताएवढा तुकडा सापडला. खाली पान क्रमांक १२७. वरची ओळ दातांनी बरोबर शिरोरेघेवर कापलेली. वाचता येतं ते एवढंच: 'त्याच्या हातात बेड्या पडल्या तेव्हा बाहेर पाऊस थांबला होता.'

म्हणजे सेक्रेटरी सुटली. लेखक भाच्याला आणि खानसाम्याला सगळीकडे 'तो' म्हणतो, डॉक्टरांना आणि मेजरसाहेबांना 'ते'. तेव्हा मूळ शब्द 'त्याच्या' असेल तर भाचा किंवा खानसामा, 'त्यांच्या' असेल तर डॉक्टर किंवा मेजर. आणि अनुस्वार जिथे असायला हवा तो भाग भुऱ्याच्या पोटातून होऊन गेला आहे.

नवरा म्हणतो, टिंब नव्हतंच. शिरपूरकर म्हणतील, होतं. आईंना तुकडा दाखवला तर चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, "खून केल्यावर कोन मान देतं? मेजर असो का डाक्टर, बेड्या पडल्या का 'तो'च."